भरलेल्या वर्गात शून्य विद्यार्थी

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. आमच्या टॅमरॅक लेक कम्युनिटी कॉलेजात कुणाचं कसलंही काम अडलेलं असू दे, ते माझ्या वार्तापत्राने मार्गी लागतं! निदान ऑक्टोबरपर्यंत माझी तशी पक्की खात्री होती.

दर सोमवारी सकाळी हे वार्तापत्र विद्यार्थी आणि कर्मचारी, सगळ्यांच्या मेलमध्ये जाऊन पडतं. कुठली शिष्यवृत्ती निघाली, कुठे नोकरीच्या मुलाखती आहेत, रक्तदान कधी, बर्फ पडल्यावर गाड्या कुठे लावायच्या नाहीत, सगळं मीच लिहिते, मीच तपासते आणि बहुधा मीच वाचते. एकदा चुकून दोन सोमवार तोच अंक गेला. कुणी हूं की चूं केलं नाही. लोकांना तो अंक आवडला असावा, असं मी धरून चालले.

तर अशाच एका शुक्रवारी आर्वो कोस्किनेन मास्तर माझ्या ऑफिसात आले. मास्तर आमच्याकडे लहान इंजिनांची दुरुस्ती शिकवतात. गवत कापायची यंत्रं, बोटींची इंजिनं आणि मुख्य म्हणजे स्नोब्लोअर. आमच्या भागात माणसाला बायको नसली तरी चालते, दारातलं बर्फ उडवायला स्नोब्लोअर लागतोच. मास्तरांनी फडक्यात गुंडाळलेली गरम पेस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली भलीमोठी करंजी, माझ्या टेबलावर ठेवली.

"एल्माने दिलीय."

"अहो, कशाला उगीच! बसा ना."

मास्तर बसले. मग म्हणाले, "माझ्या स्नोब्लोअरच्या वर्गात चार पोरं आहेत."

"छान की!"

"बारा लागतात."

"अरे देवा!"

"आजपासून दोन आठवड्यांनी, शुक्रवारी दुपारी मोजणी. बारा झाले नाहीत तर वर्ग रद्द. वर्ग रद्द झाला की माझ्याकडे एकच वर्ग उरतो. आणि एका वर्गावर कॉलेज विमा देत नाही."

मी पेस्टीचा घास तोंडातच धरला. एल्माबाईंचं, म्हणजे मास्तरांच्या बायकोचं, खुब्याचं ऑपरेशन डिसेंबरात ठरलेलं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. गेलं वर्षभर त्या स्वयंपाकघरातून दारापर्यंत यायच्या तर भिंत धरून यायच्या. ते ऑपरेशन मास्तरांच्या विम्यावर होणार होतं. विमा गेला की ऑपरेशनही गेलं.

एवढं बोलून मास्तर उठले. त्यांच्या मानाने हे भाषणच झालं!

"तुम्ही निश्चिंत राहा," मी म्हणाले. "बारा काय, सोमवारी एक बातमी टाकते, लोक दारात रांग लावतील!"

"बघ बुवा," मास्तर म्हणाले.

शनिवार-रविवार बसून मी ती बातमी लिहिली. मथळा असा: 'गेल्या वर्षी ऐन वादळात तुमचा स्नोब्लोअर मेला होता ना? या वर्षी त्याला वर्गात घेऊन या!' खाली आर्वो मास्तरांचा फोटो. त्यात ते हसत नव्हते, पण त्यांचे हसरे फोटो अस्तित्वातच नाहीत. आणि सगळ्यात खाली माझ्या बुद्धीची कमाल: 'कर्मचाऱ्यांना वर्ग पूर्णपणे मोफत!' म्हणजे ही सवलत आमच्याकडे पहिल्यापासून आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याला सत्रात एक विषय फुकट शिकता येतो, तोही कामाच्या वेळात. पण लोक विसरतात. मी आठवण करून दिली.

मंगळवारी संध्याकाळी वर्ग भरला! अठरा जागा, अठरा नावं. वर नऊ पोरं प्रतीक्षेत!

मी नोंदणीच्या खिडकीवर मार्व्हाला विचारलं, "काय गं, खरंच भरला?"

"भरला म्हणजे! चार आधीची पोरं आणि चौदा आपली माणसं. ग्रंथालय आलंय, हिशेब विभाग आलाय, डीनसाहेब आलेत. मी स्वतः आलेय!"

"तू? तुझ्याकडे स्नोब्लोअर आहे?"

"दोन आहेत. एक आईचा. दोन्ही बंद. आणि त्या चौदांतलं पहिलं नाव कुणाचं आहे माहितेय का?"

"कुणाचं?"

"तुझं."

ते मात्र खरं होतं. वातावरणनिर्मितीसाठी मी पहिलं नाव स्वतःचंच घातलं होतं.

आता माझ्या घरचा स्नोब्लोअर माझ्या नवऱ्याचा, डेलचा. तो त्याला जपतो तितकं त्याने मला जपलं असतं तर मी आज काहीतरी वेगळीच बाई असते. "सर्व्हिसिंगला नेते," असं सांगून मी तो गाडीत चढवला. डेल म्हणाला, "तो चांगला चालतोय की!" मी म्हणाले, "म्हणूनच."

गुरुवारी एक वाजता पहिला तास सुरू झाला. वर्कशॉपमध्ये अठरा बाकं आणि प्रत्येक बाकाशेजारी एक यंत्र. डीन प्रेस्टन यांचं यंत्र सगळ्यात मोठं, नारिंगी, पुढे दोन दिवे असलेलं. कोट काढून त्यांनी नवी कोरी डांगरी चढवली होती. तिची किमतीची चिठ्ठी अजून पाठीवर लोंबत होती. सांगायचं कुणी? शेवटी ते डीन.

मास्तरांनी प्रत्येकाला आइस्क्रीमची एकेक रिकामी बादली दिली आणि म्हणाले, "उघडा."

"काय उघडायचं?" डीननी विचारलं.

"सगळं."

"आणि लावायचं कधी?"

"आधी उघडा तर."

काय सांगू तुम्हाला! दिवसभर मेलला उत्तरं लिहून कंटाळलेली ती माणसं अशी तुटून पडली की बस! हिशेब विभागातल्या एका बाईने तर पहिल्या अर्ध्या तासात टाकी, पट्टा आणि पंखा वेगळा करून वर विचारलं, "शेजारणीचं उघडू का?" हातांना ग्रीस, गालांना ग्रीस, सगळे खूश. मी डेलच्या यंत्राचा कार्ब्युरेटर काढला आणि त्याचेही तुकडे केले. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

तिकडे कॉलेज मात्र ओस पडलं होतं. नोंदणीच्या खिडकीवर पाटी, 'वर्गात गेले आहे'. हिशेब विभागात तीच पाटी, ग्रंथालयात तीच पाटी. डीनच्या दारावरही तीच. एक मुलगी नोंदणीसाठी आली, ती तासभर खिडकीपुढे उभी राहून, आपण सुट्टीच्या दिवशी आलो असं समजून घरी गेली.

पुढच्या मंगळवारी आम्ही इंजिनं उघडत होतो. माझ्या डाव्या हाताला मार्व्हा, उजव्या हाताला डीनसाहेब. डीनचं डोकं यंत्राच्या पोटात होतं. मार्व्हा एक हट्टी बोल्ट फिरवता फिरवता सहज म्हणाली, "गंमतच आहे नाही? आपण मोजले जात नाही."

"कशात?"

"मोजणीत. फुकट शिकणारा कर्मचारी धरत नाहीत, फी भरणारेच धरतात. म्हणजे या वर्गात चारच माणसं आहेत."

माझ्या हातातला पाना खाली पडला. "अगं, मग हे आधी नाही का सांगायचं?"

"तुला माहीत असेल असं वाटलं. तुझ्याच वार्तापत्रात आलंय ते. दर ऑगस्टमध्ये येतं."

आलं होतं खरं. दरवर्षी मागच्या वर्षीचा मजकूर उचलून मीच टाकत होते. आमचं वार्तापत्र कुणी वाचत नाही यात मी स्वतःला कधी धरलंच नव्हतं!

म्हणजे आता बघा. कॉलेजातला सगळ्यात गच्च भरलेला वर्ग शुक्रवारी माणसं नाहीत म्हणून रद्द होणार. फी भरायला तयार असलेली नऊ पोरं बाहेर प्रतीक्षेत. आणि त्यांच्या जागा अडवून कोण बसलंय? आम्ही! मास्तरांच्या मदतीला धावून आलेले! रद्द केल्याच्या कागदावर सही कुणाची? डीनची! आणि डीन माझ्या शेजारी गुडघ्यावर बसून विचारत होते, "लॉर्ना, तुमच्याकडे छोटा स्क्रू ड्रायव्हर आहे का हो?"

मी त्यांना स्क्रू ड्रायव्हर दिला आणि कामाला लागले. आठ कर्मचारी वर्गातून गेले आणि बाहेरची आठ पोरं आत आली की झाले बारा. सोपं होतं. मी बाकाबाकावर गेले.

"ग्विन, तू नाव काढशील का गं? मास्तरांसाठी."

ग्विन ग्रंथपाल. तिने बादली पुढे केली. आत तिच्या यंत्राचं जे काही झालं होतं, ते बघवत नव्हतं. "हे घेऊन मी कुठे जाऊ, सांग बरं? गावातल्या दुकानात विचारलं. तो म्हणतो, दुसऱ्याने उघडलेल्या यंत्राला मी हात लावत नाही. तू काढ ना नाव!"

"मी? मी तर वातावरणनिर्मितीला आहे!"

"मग झाली की निर्मिती. आता जा."

सगळ्यांचं तेच. मास्तरांबद्दल वाईट सगळ्यांनाच वाटत होतं, मनापासून वाटत होतं, पण बादलीकडे बघितलं की ज्याचा त्याला कळवळा यायचा. मी स्वतः का गेले नाही, असं तुम्ही विचाराल. डेलचा स्नोब्लोअर सत्तावीस तुकड्यांत होता म्हणून गेले नाही. आणखी काही कारण नाही.

मग मी बुधवारी वार्तापत्राचा खास अंक काढला! नाव कुणाचं घेतलं नाही, कारण आमच्याकडे तसं घेत नाहीत. फक्त लिहिलं, 'आर्वो मास्तरांच्या वर्गात फार गर्दी झाली आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी मोठ्या मनाने जागा सोडावी. मास्तरांना त्याची खरंच मदत होईल.' कर्मचाऱ्यांना बरोब्बर टोचेल असा मजकूर होता तो. पाठवला आणि वाट बघत बसले.

आता आमच्या भागातल्या माणसांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक नसेल तर एवढंच सांगते: चौकात चार गाड्या चार बाजूंनी आल्या की चौघेही हात हलवून 'आधी तुम्ही' म्हणत बसतात आणि अंधार पडतो. त्याच संध्याकाळी मार्व्हाचा फोन आला. आवाज असा, जणू घरात कुणी गेलंय.

"लॉर्ना, तुझा अंक वाचला लोकांनी."

"काय सांगतेस! किती जणांनी नावं काढली?"

"चौघांनी."

"चला, सुरुवात तर झाली! कोण कोण?"

"ती चार पोरं."

"कोणती चार?"

"फी भरलेली! म्हणाली, मास्तरांना गर्दीचा त्रास होत असेल तर आम्ही पुढच्या वर्षी येऊ. प्रतीक्षेतल्या नऊ जणांनीही नावं मागे घेतली. एकाने तर माफी मागितली, मी वर्गात यायचा विचार केल्याबद्दल."

आठ वर्षं मी हे वार्तापत्र काढतेय. विद्यार्थ्यांनी ते पहिल्यांदा वाचलं, आणि वाचून हे केलं!

म्हणजे हिशेब असा झाला: वर्गात चौदा माणसं, मोजणीत शून्य. मला रात्रभर एल्माबाई भिंत धरून चालताना दिसत होत्या. डेलने विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही." तो म्हणाला, "माझा स्नोब्लोअर कधी येणार?" मी कुशीवर वळले.

गुरुवारी तासाच्या सुरुवातीलाच डीन उभे राहिले. हातात कागद. चेहरा अगदी पडलेला. माणूस वाईट नाही हो, फक्त नियमांना फार घाबरतो.

"मास्तर, मला फार वाईट वाटतंय. उद्या दुपारी मोजणी आहे आणि तुमच्या वर्गात..." त्यांनी चौदा जणांवरून नजर फिरवली, "...एकही विद्यार्थी नाही. मला वर्ग रद्द करावा लागेल."

मी मास्तरांकडे बघूच शकत नव्हते. मास्तर हात पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी फडकं घडी करून ठेवलं.

"नियम आहे," ते म्हणाले. "मग खोलीही उद्याच रिकामी करावी लागेल. आपापल्या बादल्या घेऊन जा सगळ्यांनी. मीही निघतो. एल्माला सांगायचंय."

हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं. ग्विनने डोळे पुसले आणि गालभर ग्रीस झालं.

डीननी आपल्या बादलीकडे बघितलं. त्यांच्या तर तीन बादल्या होत्या. खिडकीबाहेर आभाळ पांढरं झालं होतं, आणि रविवारी पहिलं बर्फ असं रेडिओ सकाळपासून ओरडत होता.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "जोडायचं कधी शिकवणार होता?"

"शेवटच्या आठवड्यात."

"अच्छा."

डीन खाली बसले. एक बोल्ट उचलला, कुठे बसेल म्हणून इकडे लावून बघितला, तिकडे लावून बघितला. कुठेच बसेना. मग त्यांनी तो बादलीत टाकला आणि म्हणाले, "मार्व्हा, मी सवलत सोडली आणि फी भरली, तर मोजला जातो का?"

"जाता की!"

"मग खिडकी उघडा."

"मी इथे आहे ना सर! खिडकी कोण उघडणार?"

"पळा मग!"

आणि मार्व्हा पळाली! तिच्या मागे डीन, डीनच्या मागे ग्विन, ग्विनच्या मागे हिशेब विभाग. सगळं कॉलेज काळ्या हातांनी नोंदणीच्या खिडकीपुढे रांगेत उभं राहिलं. तिथेही 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' सुरू झालंच, पण मार्व्हाने आतून असा आवाज चढवला की लोक निमूट एकामागून एक पुढे झाले. 'पूर्णपणे मोफत' असं मी छापलं होतं त्याचा उल्लेख रांगेतल्या प्रत्येकाने माझ्याजवळ केला. काहींनी दोनदा केला. फी मीही भरली. डेलला सांगितलं, सर्व्हिसिंग जरा महाग निघालं.

शुक्रवारी मोजणी झाली. बारा हवे होते, चौदा निघाले. मास्तर माझ्या दारात आले, आत आले नाहीत. "झालं," म्हणाले, आणि उभेच राहिले. मग म्हणाले, "एल्मा रडली." आणि गेले. मी दार लावून घेतलं आणि थोडा वेळ मीही तोच कार्यक्रम केला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. माझी वार्तापत्रातली बातमी इथेच संपली होती: 'कर्मचाऱ्यांच्या एकजुटीने वर्ग वाचला!'

पण शेवटचा आठवडा आला. जोडणीचा आठवडा. आणि इस्पितळाने एल्माबाईंना ऑपरेशनची तारीख दिली ती नेमकी त्याच आठवड्यातली.

आता कोण काय बोलणार? त्यासाठीच तर सगळं केलं होतं! आम्ही चौदा जणांनी हसतमुखाने मास्तरांना शुभेच्छा दिल्या, कार्डावर सह्या केल्या, आणि सुटे तुकडे घेऊन आपापल्या घरी गेलो. जोडणी जानेवारीत शिकवतो, असं मास्तर म्हणाले. दुसऱ्या दिवशी कंबरेएवढं बर्फ पडलं. डेल फावडं घेऊन बाहेर गेला. मी खिडकीतून त्याला कॉफीचा कप दाखवला, पण त्याने वर बघितलं नाही.

ऑपरेशन उत्तम झालं. तिसऱ्या दिवशी मी इस्पितळात गेले, ती निव्वळ एल्माबाईंना बघायला. कॉरिडॉरमध्ये समोरून डीन आले. एक हात रिकामा, म्हणजे फुलं देऊन झाली होती. दुसऱ्या हातातली पिशवी खणखणत होती. आम्ही दोघांनी हवापाण्याच्या चार गोष्टी केल्या आणि एकमेकांच्या पिशव्यांकडे न बघता पुढे गेलो.

एल्माबाई उशीला टेकून बसल्या होत्या, शेजारी खुर्चीवर मास्तर. चेहऱ्यावर रंग आला होता. "सकाळी दारापर्यंत चालले," त्यांनी मला सांगितलं. "भिंत न धरता!"

"अय्या, खरंच? किती छान!"

"खरंच. पण तुझ्या पिशवीत काय खडखडतंय गं?"

"कुठे काय! बिस्किटांचा डबा आहे."

"डीनही बिस्किटंच म्हणत होते. काढ बाहेर. हा तीन दिवस नुसता माझ्याकडे बघत बसलाय, मला अवघडल्यासारखं झालंय. हाताला काहीतरी काम दे त्याच्या."

मी डेलचा कार्ब्युरेटर काढला. दोनदा धुतला होता, तरी पेट्रोलचा वास येतच होता. मास्तरांचे डोळे लकाकले आणि ते चक्क हसले. आर्वो कोस्किनेन यांना हसताना बघितलेली मी बहुधा दुसरीच बाई. त्यांनी एल्माबाईंचं जेवणाचं टेबल पलंगावर ओढून घेतलं, सूप बाजूला सरकवलं, आणि ते मला दाखवत गेले, हे असं बसतं, हे इथे, ही स्प्रिंग विसरू नकोस. एल्माबाई नॅपकिनवर स्क्रू धरून बसल्या होत्या.

शेवटचा स्क्रू बसायला आणि नर्स आत यायला एकच गाठ पडली.

"हा वास कसला? आणि ती चादर! हे काय आहे? पेशंटच्या जेवणाच्या टेबलावर? निघा आधी! ताबडतोब बाहेर!"

बाहेर काढलं ते मला आणि कार्ब्युरेटरला. मास्तरांना राहू दिलं. विमा त्यांच्या नावावर होता.